बटाट्याचं पाणी

आमच्या घरात बटाटे दोनदा उकडतात. साल काढायची, बारीक फोडी करायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, नवीन पाणी घालून पुन्हा उकळायच्या आणि तेही पाणी ओतून द्यायचं. मग जे उरतं त्याला बटाट्याचा आकार असतो, चव मात्र बेताचीच. माझ्या मुलीला एवढाच बटाटा चालतो. तिची दोन्ही मूत्रपिंडं जन्मापासून लहान आहेत आणि रक्तातलं जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम त्यांना पुरतं जमत नाही. ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे वाक्य आता मला न अडखळता लिहिता येतं. पहिली काही वर्षं येत नव्हतं.

दोनदा उकडायची पद्धत आम्हाला डब्लिनच्या हॉस्पिटलातल्या डाएटिशियनने शिकवली. तिने माझ्याकडे पाठ करून सगळं मुलीलाच सांगितलं, ते मला आवडलं होतं. तिने मुलीसमोर गरम पाण्याचा कप ठेवला आणि त्यात चहाची पिशवी सोडली. पाणी हळूहळू तपकिरी झालं.

"ही पिशवी म्हणजे बटाटा," ती म्हणाली. "आणि हा रंग म्हणजे पोटॅशियम. आता ते कुठे गेलं?"

"पाण्यात."

"मग आपण काय करायचं?"

"चहा फेकायचा आणि पिशवी खायची," मुलगी म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो.

मी वहीत लिहिलं, 'बटाटे, गाजर, फ्लॉवर: दोनदा उकडणे, पाणी टाकणे.' चहाच्या पिशवीचं काही लिहिलं नाही. ते मुलांना समजवायला होतं, मला त्याची गरज वाटली नाही.

मी आयर्लंडमधल्या नावन गावाबाहेर एका वाहतूक कंपनीत गाड्यांचं वेळापत्रक लावते. कुठली गाडी कधी निघाली, कुठे अडकली, माल कुठे उतरला, हे मला दिवसभर बघायचं असतं, आणि घरीही मी तशीच वागते. फ्रिजच्या दारावर आठवड्याचा तक्ता असतो. शाळेतल्या स्मॉल ब्रेकला काय, बिग ब्रेकला काय, घरी आल्यावर काय. रविवारी दुपारी सगळं चिरून, मोजून, लहान डब्यांत भरून ठेवते. नवरा म्हणतो, आपल्या फ्रिजमध्ये भाजी नसते, विभाग असतात.

डब्याचं खरं अवघडपण असं, की आईपणाचं सगळं शहाणपण त्यात उलटं होतं. शाळेचा नियम आहे की मुलांनी ब्राउन ब्रेड आणावा, फळं आणावीत, दही आणावं, गोड काही आणू नये. माझ्या मुलीला पांढरा ब्रेड चालतो, ब्राउन नाही. सफरचंद चालतं, केळं आणि संत्रं नाही. दही मोजून. बटाट्याचे क्रिस्प्स मुळीच नाहीत, पण बिनमिठाचे पॉपकॉर्न चालतात. आणि जेलीच्या गोळ्या चालतात. दुसरीत असताना डब्यातून शाळेची एक चिठ्ठी घरी आली होती. तिच्यावर हसऱ्या स्ट्रॉबेरीचं चित्र आणि खाली 'उद्या याऐवजी एखादं केळं?' मी त्या चिठ्ठीला दोन पानी उत्तर लिहिलं. तेव्हापासून जेलीला परवानगी आहे. वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला, "मला तुझी एक किडनी दे, मी तुला माझी केळी देतो." घरी येऊन तिने हे सांगितलं ते हसत हसत. तिला तो सौदा खरंच वाईट वाटला नव्हता.

आपल्याकडे आजाऱ्याला जे जे प्रेमाने देतात ते सगळं आमच्या नकोच्या यादीत वर आहे. शहाळ्याचं पाणी. नाचणीचं सत्त्व. डाळिंब. मुगाचं कढण. भारतातून कोणाचाही फोन आला की यांतलं एक तरी नाव निघतंच, आणि मी 'हो, हो' म्हणते. समजावत बसायला वेळ नसतो. ही माझी सवय. नियम पाळला गेल्याशी मतलब, कारणाची चौकशी ज्याला करायची त्याने करावी.

गेल्या वर्षीपासून शाळेत गरम जेवण मिळायला लागलं. आई-बापांनी फोनवर आठवड्याचे पदार्थ निवडायचे, आणि दुपारी नाव लिहिलेले झाकणबंद डबे वर्गात येतात. तिच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांनी ते घेतलं. ती आपला पांढरा सँडविच, काकडी आणि सफरचंद घेऊन बसायची. एकदा गाडीत तिने विचारलं, "गुरुवारी चिकन आणि राइस असतो. राइस मला चालतो ना?"

ती इंग्रजीतच बोलते, इथल्या हेलात. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. इथे तिचं बोलणं मी बहुतेक मराठीत लिहिते आहे.

"भूक लागते का तुला? डबा कमी पडतो?"

"नाही. सगळे एकदम झाकण काढतात. वाफ येते. मग सगळे म्हणतात, आज काय आहे. मला माहीत असतं माझ्यात काय आहे."

मी डाएटिशियनला मेन्यू पाठवला. गुरुवारचं चिकन, भात आणि गाजर तिला जमण्यासारखं वाटलं. सॉस वेगळा ठेवायला सांगू, ती म्हणाली, पण रक्ताचे पुढचे दोन रिपोर्ट चांगले यायला हवेत. पहिला चांगला आला. मुलीने तक्त्यावर पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारभोवती हिरव्या पेनने गोल काढला. माझ्या तक्त्यावर मी कोणाला लिहू देत नाही, पण तो गोल राहू दिला.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. त्या सांगलीच्या. मी त्यांना आई म्हणते, मुलगी आजी. हिवाळाभर राहायच्या होत्या, म्हणून मी ऑफिसात दुपारची पाळी घेतली. शाळा सुटल्यावर मुलीला आणायचं, खायला द्यायचं आणि रात्रीच्या भाजीची तयारी करायची, हे त्यांच्याकडे आलं. त्यांच्यासाठी मी मराठीत वेगळी यादी करून फ्रिजवर लावली. चालेल एका बाजूला, चालणार नाही दुसऱ्या बाजूला. त्या बोट ठेवून ती वाचायच्या. स्वतःला केळं खायचं असलं तर वर खोलीत नेऊन, दार लावून खायच्या. मीठ तर त्यांनी आमच्या सगळ्यांच्याच जेवणातून काढून टाकलं. नवरा मीठ मागायला लागला की म्हणायच्या, "पोरीला नाही, तर तुला कशाला?"

बटाटे कसे उकडायचे ते मी त्यांना एकदाच करून दाखवलं. पहिलं पाणी मी सिंकमध्ये ओतलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला होता, भांडं धरायला.

"अगं, हे ओतून देतीस? सगळं सत्त्व चाललं की."

"आई, तसंच करायचं असतं."

"कणकीत घालतो आम्ही. नाहीतर आमटीत."

"इथे नाही घालायचं. ओतून द्या." माझा फोन वाजत होता. एक गाडी डंडॉकजवळ बंद पडली होती.

दुसरा रिपोर्ट आला तेव्हा मी ऑफिसात होते. हॉस्पिटलच्या नर्सने आवाज अगदी सपाट ठेवला होता, त्यावरूनच मला कळलं. पोटॅशियम वर गेलं होतं. आजच येऊन पुन्हा रक्त द्यायचं, हृदयाचा आलेख काढायचा, आणि उद्यापासून पोटॅशियम उतरवायची पावडर. ती पावडर पाण्यात कालवली तरी वाळूसारखी लागते. डब्लिनच्या वाटेवर मुलगी मागच्या सीटवर शाळेच्या कपड्यांत बसली होती. तिने फक्त एकदा विचारलं, "गुरुवारचं?"

"आता नाही," मी म्हणाले.

आलेख ठीक निघाला. मग मी शोध सुरू केला. एखादा माल हरवला की मी मागे मागे जाते, शेवटचा कोणी पाहिला, त्याआधी कोणाकडे होता. तसंच. घरचं जेवण माझ्या हातचं किंवा यादीबरहुकूम, म्हणजे घर वजा. उरली शाळा. मी डब्यात काय गेलं आणि काय परत आलं ते मोजायला लागले. मैत्रिणीच्या घरी खेळायला गेली होती तो शनिवार तपासला. शेवटी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं.

"शाळेत कोणाचं काही खाल्लंस?"

"नाही."

"नीट आठव. मी रागावणार नाही."

तिने बराच वेळ टेबलावरची एक रेघ नखाने खरवडली. सासूबाई गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन क्रिस्प्स. शुक्रवारी."

"कोणी दिले?"

"मीच मागितले."

"कसले?"

"चीज अँड अनियन."

दोन क्रिस्प्सनी एवढं होत नाही हे मला माहीत होतं. पण दोन कबूल केले म्हणजे वीस असणार, असा मी हिशेब केला. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही, पण स्वर कळतो. त्या म्हणाल्या, "जाऊ दे की. लेकरू हाय."

"आई, तुम्ही मध्ये बोलू नका," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन मी टीचरना विनंती केली, की जेवणाच्या वेळी तिला तुमच्या टेबलाशेजारी बसवा, जरा लक्ष राहील. टीचर तरुण होत्या, समंजस होत्या. त्यांनी विचारलं, "तिच्याशी बोलणं झालंय का याबद्दल?"

"हो," मी म्हणाले. मी तिला सांगितलं होतं. बोलणं झालं नव्हतं.

म्हणजे जिला सगळ्यांबरोबर एकदम झाकण काढायचं होतं, तिला मी सगळ्यांतून उठवून एकटीला पुढे बसवलं. तेव्हा मला हे असं दिसलं नाही. मला एक भोक बुजवल्यासारखं वाटलं होतं. रात्री तक्त्यावरचा हिरवा गोल पुसला. पेन पक्कं होतं, थोडा राहिलाच.

पुढचा रिपोर्ट पावडर घेऊनही उतरायला हवा तेवढा उतरला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस ऑफिसातली मीटिंग रद्द झाली आणि मी लवकर घरी आले. मागच्या दाराने आत शिरले तर घरभर तुपातल्या जिऱ्याचा वास. बाहेर पाऊस नव्हता, तरी ते ओलं, हाडांत शिरणारं धुकं होतं. तो वास इतका चांगला वाटला, की बूट काढता काढता मी क्षणभर डोळे मिटून उभी राहिले. मग पाहिलं. टेबलाशी मुलगी बसली होती, दोन्ही हातांनी कप धरून. मला बघताच तिने कप खाली ठेवला. सासूबाई गाळणी हातात घेऊन उभ्या होत्या, आणि गाळणीत बटाट्याच्या आणि गाजराच्या पहिल्या उकळीच्या फोडी निथळत होत्या.

"आलीस? बरं झालं. गरम हाय, तुला देऊ का थोडं?" त्यांचा चेहरा वाफेने तांबूस झाला होता. "मीठ नाही हं घातलं. कणभर पण नाही. नुसती जिऱ्याची फोडणी. गारठून येती गं पोर, घसा शेकतो जरा."

त्यांनी यादीतली एकही ओळ मोडली नव्हती. फोडी बाजूला ठेवल्या होत्या, दुसऱ्या पाण्यात उकडायला. बटाटा दोनदा उकडला जात होता, जसं मी सांगितलं होतं. फक्त ते पहिलं पाणी कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली, अगदी थोडी, नकारार्थी. आत्ता नको, असं.

"द्या की, आई," मी म्हणाले, आणि मुलीच्या पुढ्यातला कप उचलून उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग भांड्यात उरलेलंही. दुसरं काही सुचलं नाही. चव फार सुरेख होती. बटाट्यातून आणि गाजरातून जे जे काढून आम्ही तिला कोरडा चोथा खायला घालत होतो, ते सगळं त्यात होतं.

"बघ, आवडलं," सासूबाई मुलीला म्हणाल्या.

त्या दिवशी तिचा पोहण्याचा क्लास होता. गाडी गल्लीबाहेर काढल्यावर मी विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"तो चहाच आहे ना," ती म्हणाली. "डाएटिशियनने कपात करून दाखवला होता तो."

"कधीपासून देते आजी?"

"थंडी पडली तेव्हापासून. पण मी सगळं नाही पीत, ममा. अर्धंच पिते. ती बिस्किट आणायला प्रेसकडे वळली की बाकीचं सिंकमध्ये." प्रेस म्हणजे कपाट. हा इथला शब्द, आमच्या घरात आता तोच चालतो.

"अर्धं तरी का?"

"सगळं ओतलं असतं तर तिला कळलं असतं. आणि छान लागतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "यू'ड हॅव गिव्हन आउट टू हर." तू तिला रागावली असतीस.

"नसते रागावले."

"ममा," ती म्हणाली, अगदी शांतपणे, "दोन क्रिस्प्ससाठी तू मला टीचरशेजारी बसवलंस. आणि मी ते खाल्ले पण नव्हते."

पोहण्याच्या तलावाबाहेर गाडी लावून मी बसून राहिले. ती आपली पिशवी उचलून आत गेली. काचेतून मला तिची पिवळी टोपी दिसत होती, इतर टोप्यांमध्ये. माझ्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीने एक योजना आखली होती. आजीचं मन राखायचं, स्वतःला जमेल तेवढं वाचवायचं, आणि आईपासून दोघींना सांभाळायचं. घरातली धोक्याची वस्तू तिच्या लेखी मी होते. केळ्याच्या आणि संत्र्याच्याही वर.

रात्रीच्या जेवणाआधी मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "आईला कशाला सांगतेस? सांग, डॉक्टरांनी गरम काही प्यायला द्यायचं नाही म्हटलंय. झालं. तिला आयुष्यभर लागून राहील ते."

मलाही तेच करावंसं वाटत होतं. आणखी एक ओळ, आणखी एक नियम, काम संपलं. पण असाच नियम मी त्यांना फोन वाजत असताना दिला होता. मी म्हणाले, "नाही. कारण सांगते." तो म्हणाला, "मग तूच सांग," आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. आवाज मात्र त्याने बंद ठेवला होता.

मी काचेच्या पेल्यात गरम पाणी घेतलं आणि चहाची पिशवी सोडली. सासूबाई टेबलाशी बसून बघत होत्या. मी सगळं सांगितलं, डाएटिशियनने सांगितलं होतं तसंच, पिशवी म्हणजे बटाटा इथपासून. पाण्याला रंग चढत गेला. पेला पार काळपट झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच देत होते तर. रोज."

"मी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं, आई."

"तू ओतून द्या म्हणाली होतीस."

"का, ते नव्हतं सांगितलं."

"पण ओतून द्या म्हणाली होतीस की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी काय म्हटलं, ह्यांच्यात टाकायची पद्धत असंल. इथं सगळंच टाकतात. मीठ नाही, काही नाही, नुसतं पाणी, त्यानं काय होतंय."

मला वाटत होतं, त्यांनी थोडा तरी दोष मला द्यावा. मी तो पुन्हा पुन्हा पुढे करत होते आणि त्या घेत नव्हत्या. मग त्या उठल्या. गाळणी आणि ते भांडं स्वच्छच होतं, तरी त्यांनी ते पुन्हा घासलं, पुसलं आणि प्रेसमध्ये अगदी मागे ठेवून दिलं. मुलगी जिन्यात बसून ऐकत होती. ती खाली आली आणि आजीच्या पाठीला डोकं लावून उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

डाएटिशियनला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ती म्हणाली, एकट्या त्यानेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही, पण रोजचा अर्धा कप, भाज्या भरपूर आणि पाणी कमी, हे जमेस धरलं तर बहुतेक तेच. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते, कोणाची ते मलाही कळत नव्हतं. ती म्हणाली, "माझी आजी भाजीच्या पाण्यातच ग्रेव्ही करायची. एक थेंब फेकू द्यायची नाही. मी लोकांना पाणी टाका म्हणून सांगते, पण तुमच्या घरात त्या पाण्याचं एरवी काय करतात, हे कधी विचारलं नाही." मग म्हणाली, "आता विचारत जाईन."

त्यानंतरचे दिवस मला त्या रिपोर्टपेक्षा जड गेले. सासूबाई प्रत्येक गोष्ट विचारायला लागल्या. काकडी हातात धरून, "ही चालंल?" सफरचंद कापायच्या आधी, "साल काढू का ठेवू?" रोज देत होत्या तो पांढरा ब्रेड, त्यालाही, "हा चालतो ना गं?" मी ऑफिसात असले की फोन करायच्या. एकदा गाड्यांच्या गडबडीत फोन घेतला तर त्या म्हणाल्या, "तिला तहान लागलीय. साधं पाणी देऊ का?" मी म्हणाले, "द्या ना, आई, विचारता काय." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मुलगीही अशीच विचारते. वाढदिवसाच्या पार्टीत, शाळेच्या सहलीत, दुकानात. तिचं ऐकून मला कधी काही वाटलं नव्हतं. उलट मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, की आमची विचारल्याशिवाय काही तोंडात घालत नाही.

मी शाळेत गेले आणि टीचरना म्हणाले, तिला परत तिच्या जागेवर बसवा, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "ती काही बोलली नाही बघा एवढे दिवस. जेवण झालं की मला फळा पुसायला मदत करते." त्यांनी ते कौतुकाने सांगितलं.

घरी मी फ्रिजवरची मराठी यादी काढली. नवीन करायला घेतली, प्रत्येक ओळीपुढे कारण लिहून. केळं का नाही, ब्राउन ब्रेड का नाही. चार ओळींनंतर ती यादी वाटेना, पत्रासारखी वाटायला लागली. तशीच अर्धी ठेवली. मग मी रविवारी भाज्या चिरताना सासूबाईंना शेजारी बसवून बोलायला लागले, आणि त्या विचारायला लागल्या. चालेल का, एवढंच विचारत नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "मग तांदूळ धुतलेलं पाणी पण तसलंच का?" मला ठाऊक नव्हतं. तो प्रश्न मी डाएटिशियनसाठी लिहून ठेवला.

पुढचा रिपोर्ट उतरला. त्याच्या पुढचाही. पावडर बंद झाली. मी फोनवर शाळेचा मेन्यू उघडून मुलीच्या हातात दिला आणि तिने स्वतः गुरुवारच्या चिकन-भातावर बोट टेकवलं, सॉस वेगळा. तक्त्यावर मात्र तिने या वेळी गोल काढला नाही.

त्या गुरुवारी मी दुपारची सुट्टी घेतली. सासूबाई आणि मी दोघीही शाळेच्या फाटकाशी उभ्या होतो, दोघी कशाला आलो ते एकमेकींना न विचारता. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली, कोट अर्धा घातलेला.

"कसं होतं?" मी विचारलं.

"ग्रँड." इथे ठीकठाकलाही ग्रँडच म्हणतात.

"म्हणजे?"

"भात गिचका होता. गाजर गार होतं." मग सासूबाईंचा हात धरून त्यांना म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "तुझं पाणी जास्त छान."

सासूबाईंनी तिच्या कोटाचं दुसरं बटण लावलं.

घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखे बटाटे उकळायला ठेवले. पहिली उकळी आली तसं पाणी एका जुन्या बादलीत गाळलं आणि मागच्या दाराशी निववायला ठेवलं. सिंकमध्ये ओतणं त्यांना अजून जमत नाही. निवल्यावर चपला घालून त्या बादली घेऊन बागेत गेल्या. कुंपणापाशी हायड्रेंजियाचं झुडूप आहे, फेब्रुवारीत त्याच्या नुसत्या काड्या असतात. तिथे जाऊन त्या थांबल्या आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, मुलगी माझ्या बगलेखालून डोकावत होती.

"ह्याला चालंल ना?" त्यांनी विचारलं.

मुलगी हसली. सासूबाई हसत होत्या का, ते त्या उजेडात मला दिसलं नाही.

"चालेल, आई," मी म्हणाले.

तरी त्यांनी अर्धंच ओतलं, आणि उरलेलं दुसऱ्या झाडाला.